बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या : ओळख, सूची आणि जतन

जन्माची नोंद ठेवणे हे आज शासनाचे कर्तव्य मानले जाते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ हा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून अमलात आला आणि त्यानुसार ग्रामीण भागात ग्रामपंचायतीच्या स्तरावर निबंधकाची व्यवस्था झाली. परंतु माणसे त्यापूर्वीही जन्मत होती आणि त्यांच्या जन्माच्या खुणा कोठे ना कोठे उमटत होत्या. गावच्या दप्तरातील गाव नमुना क्रमांक १४, म्हणजे ज्याला सर्वसामान्यपणे ‘कोतवाल बुक’ म्हणतात ते, ही अशी एक जागा. शाळेचे जनरल रजिस्टर ही दुसरी जागा. ख्रिस्ती कुटुंबांच्या बाबतीत तिसरी आणि पुष्कळदा सर्वांत जुनी जागा म्हणजे चर्चमधील बाप्तिस्म्याची नोंदवही.

जुन्या नोंदींचे महत्त्व अलीकडे सर्वांच्या प्रत्ययास आले आहे. मराठा समाजातील कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे (निवृत्त) यांच्या अध्यक्षतेखाली सन २०२३ मध्ये समिती नेमण्यात आली, तेव्हा तालुक्या-तालुक्यांतील अभिलेख कक्ष उघडले गेले. मोडी लिपी वाचणाऱ्या जाणकारांना बोलावण्यात आले आणि कपाटांच्या तळाशी पडलेल्या वह्या पुन्हा प्रकाशात आल्या. ज्या दप्तराची सूची आधीपासून तयार होती, तेथे काम सोपे. जेथे ती नव्हती, तेथे प्रत्येक पान उलटणे भाग. या अनुभवातून जो धडा मिळतो, तो चर्चच्या नोंदवह्यांनाही तंतोतंत लागू पडतो. वही असणे पुरेसे नाही. ती कोणती आहे, कोणत्या काळाची आहे आणि कोठे आहे, हे सांगता आले पाहिजे.

नोंदींची प्रथा कशी रूढ झाली

युरोपात धर्मग्रामनिहाय नोंदवह्या ठेवण्याची सक्ती सोळाव्या शतकात सुरू झाली. इंग्लंडमध्ये सन १५३८ मध्ये टॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवावी, असा आदेश काढला. कॅथलिक जगतात ट्रेंटच्या धर्मसभेने (१५४५–१५६३) या नोंदींचा आग्रह धरला, तर सन १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने त्या कशा शब्दांत लिहाव्यात याचे नमुने घालून दिले. त्यामुळे लिस्बन, गोवा किंवा वसई, कोठलीही कॅथलिक वही उघडली, तरी वाक्यांची ठेवण बरीचशी सारखी आढळते.

या नोंदीमागे मूळ हेतू धार्मिक होता. एका व्यक्तीला बाप्तिस्मा एकदाच दिला जातो. तो दिला गेला की नाही, याची खात्री असावी लागते. निषिद्ध नातेसंबंधात विवाह होऊ नये, यासाठी आईबापांची व धर्ममातापित्यांची नावे लिहून ठेवावी लागतात. पुढे सन १९०८ पासून अमलात आलेल्या नियमान्वये कॅथलिक व्यक्तीच्या विवाहाची टीप तिच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासात लिहिण्याचा दंडक पडला. यामुळे जन्म, बाप्तिस्मा, दृढीकरण आणि विवाह अशी एका आयुष्याची वाटचाल कधीकधी एकाच ओळीभोवती गोळा झालेली दिसते. जमिनीचा उतारा ज्याच्याकडे जमीन आहे त्याचीच दखल घेतो. बाप्तिस्म्याची वही मात्र सैनिकाच्या मुलाची, घरगड्याच्या मुलीची आणि आईबाप नसलेल्या बालकाचीही दखल घेते.

महाराष्ट्रातील चार प्रवाह

महाराष्ट्रात सापडणाऱ्या अशा नोंदवह्या एकाच परंपरेतून आलेल्या नाहीत. सूची करणाऱ्याला त्यांतील चार प्रमुख प्रवाह माहीत असणे आवश्यक आहे.

पहिला प्रवाह पोर्तुगीजांचा. सन १५३४ मध्ये वसईचा प्रदेश पोर्तुगीजांकडे आला आणि सन १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकेपर्यंत तो त्यांच्याकडे राहिला. या दोन शतकांत उत्तर कोकणात अनेक चर्च उभी राहिली. सत्ता बदलली तरी धर्मग्रामे टिकली. येथील ख्रिस्ती समाजाची बोली मराठीचीच. नोंदींची भाषा मात्र पोर्तुगीज किंवा लॅटिन. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत सन १९९८ मध्ये स्थापन झाला. गोव्यात तर दप्तर सांभाळण्याची परंपरा फार जुनी आहे. तेथील अभिलेखागाराची स्थापना सन १५९५ मध्ये झाली आणि इतिहासकार दियोगु द कोउतु हे त्याचे पहिले अभिरक्षक होते.

दुसरा प्रवाह ईस्ट इंडिया कंपनीच्या चॅप्लेन मंडळींचा. मुंबईतील सेंट टॉमस चर्च सन १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झाले. पुण्यातील लष्कर भागातील सेंट मेरी चर्चचे समर्पण बिशप रेजिनाल्ड हेबर यांच्या हस्ते सन १८२५ मध्ये झाले. कंपनीच्या धर्मोपदेशकांनी केलेल्या बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठविण्यात येत. मुंबई इलाख्याच्या या प्रती सन १७०९ पासूनच्या आहेत आणि त्या ब्रिटिश ग्रंथालयातील इंडिया ऑफिस अभिलेखांत ‘एन/३’ या क्रमाखाली ठेवल्या आहेत. त्यांत प्रामुख्याने युरोपीय व अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या नोंदी आहेत. भारतीय ख्रिस्ती व्यक्तींच्या नोंदी तुलनेने थोड्या.

तिसरा प्रवाह प्रॉटेस्टंट मिशनांचा. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबईत सन १८१३ मध्ये व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे सन १८३१ मध्ये सुरू झाले. स्कॉटिश मिशनरी सन १८२३ मध्ये कोकणात उतरले आणि पुढे मुंबई व पुण्याकडे वळले. या मंडळींच्या वह्या इंग्रजीत वा मराठीत असतात. त्यांत प्रौढ वयात ख्रिस्ती झालेल्यांच्या नोंदी बऱ्याच असल्यामुळे पूर्वीचे नाव, गाव आणि काही वेळा जातही लिहिलेली आढळते. यांपैकी अनेक मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’त सामील झाल्या. साहजिकच वहीवर एका मिशनचे नाव आणि ताबा दुसऱ्या संस्थेकडे, अशी स्थिती उद्भवते.

चौथा प्रवाह पुण्यातील कॅथलिक धर्मग्रामांचा. सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात, सन १७९२ मध्ये, पेशव्यांच्या लष्करातील कॅथलिक अधिकारी व शिपाई यांच्या उपासनेसाठी नाना पेठेतील क्वार्टर गेटजवळ जागा मिळाली. तेथील चर्च आज ‘सिटी चर्च’ या नावाने ओळखले जाते. त्याचे आरंभीचे धर्मगुरू गोव्याकडील होते. पुणे धर्मप्रांत सन १८८६ मध्ये अस्तित्वात आला. त्यापूर्वी गोव्याच्या अधिकारक्षेत्रातील धर्मगुरू आणि रोमने थेट नेमलेले धर्मगुरू अशी दुहेरी व्यवस्था मुंबई इलाख्यात होती. त्यामुळे एकाच गावातील दोन भावांच्या नोंदी दोन निरनिराळ्या चर्चमध्ये आढळणे अशक्य नाही.

मुळशीतील नोंद कोठे शोधावी

मुळशी तालुक्याचे मुख्यालय पौड. पूर्वी मुळशी हा हवेली तालुक्याचा पेटा होता. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील कागदांत मुळशीकडील गाव ‘हवेली’ या तालुक्याखाली दाखविलेले असू शकते. ही साधी गोष्ट लक्षात न घेतल्यास हाती असलेली नोंद ‘आपल्या तालुक्याची नव्हे’ म्हणून बाजूस टाकली जाण्याचा धोका असतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कोतवाल बुकातील नोंद गावाच्या क्रमाने असते. बाप्तिस्म्याची नोंद मात्र ज्या चर्चमध्ये विधी झाला तेथे असते. मुळशीच्या मावळपट्टीतील एखाद्या कुटुंबाने पुण्यात जाऊन मुलाचा बाप्तिस्मा केला असेल, तर ती नोंद पौडला नव्हे, पुण्यात शोधावी लागेल. आई माहेरी गेली असता तेथे बाप्तिस्मा झाला असेल, तर ती वसईला किंवा अहिल्यानगरलाही असेल.

महाराष्ट्राच्या इतिहासातील परिचित उदाहरणांवरून हे स्पष्ट होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला. त्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. पंडिता रमाबाई सन १८८२ मध्ये पुण्यास आल्या, तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. परंतु त्यांचा व त्यांची कन्या मनोरमा हिचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. जन्मगाव, राहते गाव आणि बाप्तिस्म्याचे गाव ही तीन निरनिराळी असू शकतात. शोध घेणाऱ्याने तिन्हींची यादी प्रथम करावी.

मुळशीला विस्थापनाचा इतिहासही आहे. टाटांच्या जलविद्युत धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सन १९२१ ते १९२४ या काळात झालेला सत्याग्रह सर्वश्रुत आहे. धरण झाले, खोऱ्यातील जमिनी पाण्याखाली गेल्या आणि माणसे विखुरली. जे गाव जमिनीवर उरत नाही ते कागदावर उरते. म्हणून कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही प्रकारच्या जुन्या नोंदीत अशा गावाचे नाव आढळल्यास ते जसेच्या तसे उतरवून घ्यावे. आजच्या नकाशात ते सापडत नाही म्हणून बदलू नये. दुसरीकडे, हिंजवडीच्या परिसरात माहिती तंत्रज्ञान उद्योगामुळे देशाच्या सर्व भागांतून कुटुंबे येऊन राहिली आहेत. केरळ, गोवा किंवा मंगळूर येथील चर्चचा दाखला घेऊन शाळेत किंवा ग्रामपंचायतीत येणारा पालक आता या तालुक्यात अपरिचित राहिलेला नाही.

वही ओळखावी कशी

जुन्या चर्चच्या कपाटात बाप्तिस्म्याच्या वहीबरोबर विवाह, दफन, दृढीकरण यांच्या वह्या, सभासदांच्या याद्या, वर्गणीचे हिशेब आणि पत्रव्यवहारही असतो. बाहेरील पुठ्ठ्यावरचे नाव प्रमाण मानू नये. पुन्हा बांधणी करताना ते चुकीचे चिकटविले गेलेले असू शकते. आतील पाच-सहा पाने निरनिराळ्या ठिकाणी उघडून पाहावीत. प्रत्येक नोंदीत बालकाचे नाव, आईबापांची नावे, धर्ममातापिता आणि विधी करणाऱ्याचे नाव असेल, तर ती बाप्तिस्म्याची वही होय. वधूवर व साक्षीदार असतील, तर ती विवाहाची. विवाहाच्या वह्यांना भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम, १८७२ लागू असल्यामुळे त्यांचे छापील नमुने ओळखण्यास सोपे असतात.

मूळ वही आणि नक्कल यांत भेद करणे हे ओळखीचे दुसरे पाऊल. मूळ वहीत हस्ताक्षर, शाई आणि लेखणी वरचेवर बदलत जाते, कारण निरनिराळ्या वर्षी निरनिराळ्या धर्मगुरूंनी ती लिहिलेली असते. अनेक वर्षांच्या नोंदी एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईत आणि खाडाखोडीशिवाय असतील, तर ती बहुधा नंतर केलेली नक्कल समजावी. नक्कल निरुपयोगी नसते; मूळ वही वाळवीने खाल्ली असेल, तर तीच एकमेव आधार ठरते. पण ती नक्कल आहे, हे सूचीत लिहिले पाहिजे.

नोंद वाचताना घ्यावयाची काळजी

लॅटिन वा पोर्तुगीज भाषा येत नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही. नोंदींतील शब्द मोजके आणि पुन:पुन्हा येणारे असतात. लॅटिनमध्ये ‘नातुस’ म्हणजे जन्मलेला, ‘नाता’ म्हणजे जन्मलेली. ‘फिलियस’ मुलगा, ‘फिलिया’ मुलगी. ‘बाप्तिझावी’ म्हणजे ‘मी बाप्तिस्मा दिला’. ‘पात्रिनी’ म्हणजे धर्ममातापिता. ‘इग्नोतुस’ म्हणजे अज्ञात. पोर्तुगीज नोंदींत ‘पाद्रिन्यु’ हा शब्द येतो. तो धर्मपित्यासाठी आहे. मराठीतील ‘पाद्री’ या शब्दाशी साम्य असल्यामुळे त्याला विधी करणारा धर्मगुरू समजण्याची चूक होते आणि मग नावांची अदलाबदल होते.

तारखांच्या बाबतीत तर विशेष सावधगिरी हवी. जुन्या लॅटिन व पोर्तुगीज वह्यांत महिन्याचे नाव आखूड करताना सातचा आकडा काढून त्यापुढे शेवटची अक्षरे लिहीत. हा सातवा महिना, म्हणजे जुलै, नव्हे. तो सप्टेंबर होय. त्याचप्रमाणे आठ म्हणजे ऑक्टोबर, नऊ म्हणजे नोव्हेंबर आणि दहा म्हणजे डिसेंबर. प्राचीन रोमन वर्ष मार्चपासून मोजले जाई, त्याची ही खूण आहे. एका आकड्याचा अर्थ चुकला, तर माणसाच्या वयात दोन महिन्यांचा फरक पडतो.

पंचांगाचा फरकही ध्यानात ठेवावा लागतो. पोर्तुगालने सुधारित ग्रेगरियन पंचांग सन १५८२ मध्ये स्वीकारले. इंग्रजांनी ते सन १७५२ मध्ये स्वीकारले. तोपर्यंत इंग्रजी वर्ष अधिकृतरीत्या २५ मार्च रोजी सुरू होई. परिणामी सन १७५२ पूर्वीच्या मुंबईतील इंग्रजी नोंदीची तारीख आणि त्याच दिवशी लिहिलेल्या पोर्तुगीज नोंदीची तारीख यांत अठराव्या शतकात अकरा दिवसांचे अंतर पडते. जानेवारी ते २४ मार्च या काळातील इंग्रजी नोंदीत वर्षही एकाने मागे असू शकते. मराठी नोंदीत शालिवाहन शक दिला असेल, तर त्यात सामान्यत: ७८ मिळवून इसवी सन काढावा, मात्र जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखांना ७९ मिळवावे लागतात. अशा सर्व प्रसंगी मूळ तारीख जशीच्या तशी लिहावी आणि आजच्या गणनेप्रमाणे निघणारी तारीख तिच्या शेजारी वेगळी द्यावी.

नावांचेही तसेच. बाप्तिस्म्याच्या वेळी नवे नाव मिळते. आडनाव काही कुटुंबांत धर्मपित्याचे घेतले गेले, काहींत मूळचे राहिले. रोमन लिपीत मराठी नावे लिहिताना एकच नाव चार प्रकारे लिहिले जाते. सूचीकाराने शुद्धलेखन सुधारण्याच्या मोहात पडू नये. जे दिसते ते लिहावे. आपले वाचन अनिश्चित असेल तेथे प्रश्नचिन्ह घालावे.

एका ओळीचे मोल

हे सर्व इतक्या काटेकोरपणे का करावयाचे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर दुष्काळाच्या इतिहासात आहे. सन १८७६–७८, १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दुष्काळांत असंख्य मुले पोरकी झाली. पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांत व गुजरातमधील दुष्काळपीडित मुली पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे आणून सांभाळल्या, हे सर्वश्रुत आहे. त्यापूर्वी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या जहाजांतून सोडविलेली मुले नाशिकजवळील शरणपूर येथे वाढविली गेली आणि त्यांपैकी काही तरुण पुढे लिव्हिंग्स्टनच्या आफ्रिकेतील प्रवासात सहभागी झाले. अशा मुलांचा गाव तुटला, नाती तुटली, नाव बदलले. त्यांच्या वंशजांना आपल्या मूळ गावाचे किंवा पित्याच्या नावाचे एखादे अक्षर मिळावयाचे असेल, तर ते नोंदवहीच्या एखाद्या ओळीतच मिळेल. ती ओळ चुकीची वाचली गेली किंवा कसरीच्या पोटात गेली, तर ती पुन्हा लिहून देणारा कोणी नाही.

सूची कशी करावी

सूची म्हणजे प्रत्येक नोंदीची नक्कल नव्हे. पहिल्या टप्प्यात केवळ वह्यांची सूची करावयाची असते आणि एखाद्या लहान चर्चच्या बाबतीत हे काम एक-दोन दिवसांचे असते. पेशवे दफ्तरातील रुमालांची मांडणी आधी झाली होती, म्हणूनच गोविंद सखाराम सरदेसाई यांना सन १९३० च्या दशकाच्या आरंभी त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध करता आले. आधी मांडणी, मग निवड, हा क्रम येथेही पाळावा. प्रत्येक वहीसाठी पुढील बाबी लिहाव्यात :

(१) वहीचा अनुक्रमांक. तो वहीवर न चिकटविता आत ठेवलेल्या कागदी पट्टीवर पेन्सिलीने लिहावा.
(२) चर्चचे व धर्मग्रामाचे नाव. जुने नाव निराळे असल्यास तेही.
(३) वहीचा प्रकार : बाप्तिस्मा, विवाह, दफन किंवा संमिश्र.
(४) पहिल्या व शेवटच्या नोंदीची तारीख, आणि मध्ये खंड असल्यास तो काळ.
(५) भाषा व लिपी : लॅटिन, पोर्तुगीज, इंग्रजी, मराठी, रोमन, बाळबोध किंवा मोडी.
(६) पानांची संख्या. फाटलेली, सुटलेली व कोरी पाने.
(७) मूळ वही की नक्कल. नक्कल असल्यास ती कोणी व केव्हा केली, याची वहीतच नोंद असल्यास ती.
(८) वहीची स्थिती : ओल, वाळवी, कसर, शाईने जळलेला कागद.
(९) वही सध्या कोणाच्या ताब्यात व कोणत्या कपाटात आहे.
(१०) सूची करणाऱ्याचे नाव व दिनांक.

या बाबी आंतरराष्ट्रीय अभिलेख-वर्णनाच्या प्रचलित पद्धतीशी सुसंगत आहेत. कॅथलिक चर्चच्या सन १९८३ च्या धर्मसंहितेतही धर्मग्रामांच्या दप्तराची सूची दोन प्रतींत करावी, एक तेथेच ठेवावी आणि दुसरी धर्मप्रांताच्या दप्तरात द्यावी, अशी तरतूद आहे. तेव्हा सूचीचे काम सुचविताना बाहेरून काही नवे लादले जात आहे, असे नव्हे.

दुसऱ्या टप्प्यात वहीची छायाचित्रे घ्यावीत आणि तिसऱ्या टप्प्यात नावांची अकारविल्हे सूची करावी. छायाचित्रांना सूचीतील वही क्रमांक व पान क्रमांक देण्यास विसरू नये. नाव नसलेली हजार छायाचित्रे म्हणजे पुन्हा एक अव्यवस्थित कपाटच.

जतन

मुळशीसारख्या मुसळधार पावसाच्या भागात कागदाचा पहिला शत्रू ओल हाच. वह्या भिंतीला चिकटवून किंवा जमिनीवर ठेवू नयेत. लोखंडी कपाट असल्यास ते भिंतीपासून थोडे दूर ठेवावे आणि कोरड्या दिवशी उघडून हवा खेळू द्यावी. वह्या कडक उन्हात वाळत घालू नयेत. त्यामुळे शाई उडते आणि कागद ठिसूळ होतो. फाटलेल्या पानावर चिकटपट्टी लावणे हा सर्वांत वाईट उपाय होय. काही वर्षांत तिचा चिकटा पिवळा पडून अक्षरे खातो. प्लॅस्टिकचे कायमचे आवरणही टाळावे. धुण्याच्या स्वच्छ सुती कापडात वही गुंडाळून ठेवणे, म्हणजेच जुनी रुमालाची पद्धत, आजही चांगली आहे. दुरुस्तीचे काम जाणकारांकडूनच करवून घ्यावे. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचा आरंभ सन १८२१ पर्यंत मागे जातो आणि त्याचे पुणे अभिलेखागार मुळशीपासून दूर नाही. तेथील जाणकारांचा सल्ला उपयुक्त ठरेल.

प्रत एकाच ठिकाणी असणे किती घातक ठरते, हे पुणेकरांना सांगावयास नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि नदीकाठच्या घरांतील व संस्थांतील कागदपत्रांची मोठी हानी झाली. जे दुसरीकडे उतरवून ठेवले होते, तेवढेच उरले.

पुराव्याचे मोल आणि मर्यादा

बाप्तिस्म्याचा दाखला हा प्रथमत: बाप्तिस्म्याचा पुरावा आहे. त्यावरील बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख नव्हे. बालकाच्या बाबतीत दोहोंत काही दिवसांचे अंतर असेल. प्रौढाच्या बाबतीत ते अनेक वर्षांचे असू शकते. जन्मतारीख स्वतंत्रपणे लिहिली असेल, तर ती कोणाच्या सांगण्यावरून लिहिली हेही महत्त्वाचे. जन्मानंतर लगेच लिहिलेल्या नोंदीला अधिक वजन, पुष्कळ काळाने लिहिलेल्या नोंदीला कमी, हा साधा विवेक येथे वापरावा. अंतिम निर्णय सक्षम प्राधिकाऱ्याचा किंवा न्यायालयाचा असतो. सन २०२३ च्या सुधारणेनुसार १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्म प्रमाणपत्र हाच अनेक कामांसाठी जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा ठरला आहे. त्यापूर्वी जन्मलेल्यांसाठी मात्र जुन्या नोंदींची गरज संपलेली नाही.

मूळ नोंदीत कोणतीही दुरुस्ती करू नये, हे आवर्जून सांगितले पाहिजे. आजच्या आधारपत्राशी नाव जुळावे म्हणून शंभर वर्षांपूर्वीच्या वहीत खाडाखोड केली, तर एका व्यक्तीची सोय होण्याऐवजी संपूर्ण वहीची विश्वासार्हता जाते. त्याचप्रमाणे या वह्यांत अनौरस जन्म, दत्तक किंवा धर्मांतर यांसारख्या नाजूक गोष्टी असतात. हयात व्यक्तींच्या नोंदी संबंधितांनाच दाखवाव्यात. त्यांची छायाचित्रे भ्रमणध्वनीवरून फिरविणे सर्वस्वी अनुचित होय.

स्थानिक पातळीवर काय करता येईल

चर्चच्या नोंदवह्या शासकीय अभिलेख नाहीत. त्यांची मालकी आणि ताबा त्या त्या धार्मिक संस्थेकडे असतो. म्हणून पंचायत सदस्यांनी किंवा अधिकाऱ्यांनी त्या मागवून घेण्याचा प्रश्न उद्भवत नाही. तथापि सहकार्य करता येते. ग्रामपंचायतीने आपल्या गावातील कोणत्या कुटुंबांच्या जुन्या नोंदी कोणत्या चर्चमध्ये आहेत, याची माहिती त्यांच्या संमतीने जमवावी. शिक्षकांनी शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरची सूची याच दहा मुद्द्यांवर करावी. पद्धत एकच आहे आणि सराव आपल्याच दप्तरावर करणे उत्तम. मोडी किंवा पोर्तुगीज जाणणारी वृद्ध मंडळी गावात वा नात्यात असतील, तर त्यांच्याकडून वाचन करून घ्यावे. हे ज्ञान वर्षागणिक दुर्मीळ होत आहे. कोतवाल बुक, शाळेचे रजिस्टर आणि चर्चची वही यांतील एकाच व्यक्तीच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यास प्रत्येकीतील उणीव दुसरी भरून काढते.

गावाचा इतिहास लिहावयाचा म्हटले, की पाटील-कुलकर्ण्यांची वतने, देवळे आणि लढाया यांची आठवण होते. तो इतिहास खराच आहे. परंतु ज्यांना वतन नव्हते, जमीन नव्हती आणि ज्यांची नावे कोणत्याही शिलालेखावर कोरली गेली नाहीत, त्यांची नावे या साध्या वह्यांत शाईने लिहिलेली आहेत. त्या वह्यांना क्रमांक देणे, त्यांची यादी करणे आणि त्या कोरड्या ठेवणे यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. एक पेन्सिल, काही कागद, सुती कापड आणि दोन दिवसांची चिकाटी एवढे साहित्य पुरेसे आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक गावाने आपल्या एका तरी जुन्या दप्तराची अशी सूची पूर्ण केली, तर पुढील पिढीतील कोणा एकाला आपल्या आजोबांचे नाव शोधताना रिकाम्या हाताने परतावे लागणार नाही.